पायाबद्दल लिहिणार नाही

वडगाव, बेळगाव
रविवार, 24 नोव्हेंबर 2024

चि. बाळीस,
अनेक आशीर्वाद.

फोनवर आपलं दोघींचं तिसऱ्या वाक्याला वाजतं, म्हणून पत्र लिहितेय. मागच्या गल्लीतला पोरगा पुण्याला निघालाय, त्याच्याबरोबर चकल्या आणि कुंदा पाठवलाय. कुंदा दोन दिवसांत संपव, फ्रीजमध्ये ठेवून दगड करू नकोस.

पायाबद्दल मी काही लिहिणार नाही, हे आधीच सांगते.

नरकचतुर्दशीची पहाट माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. तुला पाटावर बसवून तेल लावत होते. उजवा पाय झाला, डाव्या घोट्याशी आले तर वर काळं काहीतरी. आदल्या दिवशी गल्लीतल्या पोरांबरोबर किल्ल्याच्या चिखलात उतरली होतीस, मला वाटलं तेच राहिलंय. अंगठ्यानं घासलं, निघेना. उटणं घेऊन परत घासलं. मग कवड्या दिसल्या, मळवट दिसला, डोळे दिसले. यल्लम्मा देवी गोंदलेली माझ्या अंगठ्याखाली, आणि मी तिचं तोंड घासूलाले.

पुढं मी जे बोलले ते बोलले. सणाच्या दिवशी लेकीला कुणी असं बोलत नाही. दुसऱ्या दिवशी 1 नोव्हेंबर, एकीकडं आपल्या मराठी लोकांच्या काळ्या दिनाची फेरी, दुसरीकडं कर्नाटक राज्योत्सवाची मिरवणूक, रस्ते अडलेले, आणि तू बॅग खांद्याला लावून चालत स्टँडला गेलीस. बाबा दारातून आत आले आणि एवढंच म्हणाले, "पोरगी फराळ न करता गेली." त्या दिवसापासून ते माझ्याशी भाजी आणि लाइट बिल सोडून बोलत नाहीत.

तुझं म्हणणं मी मनात पुन्हा पुन्हा घोळवलंय. गोंदण आपल्यात नवं नाही, हे खरंच आहे. माझ्या हनुवटीवर तीन ठिपके आहेत, हातावर तुळशीवृंदावन आहे. सात वर्षांची होते. गोंदणारी कोरवीण अंगणात बसली, तीन सुया दोऱ्यानं एकत्र बांधल्या, काजळीत बुडवल्या आणि टोचायला लागली. अक्कानं, माझ्या आत्यानं, मला मांडीवर घट्ट धरलं होतं. मी तिच्या हाताला चावले, तरी तिनं सोडलं नाही. "मेल्यावर सगळं काढून घेतात गे, एवढंच संगं येतंय," म्हणाली. वर हळद-खोबरेल थापलं आणि हातात गुळाचा खडा दिला. पुढं शिक्षिका झाल्यावर या ठिपक्यांची मला लाज वाटायची. तिसरीच्या पोरी पाढे म्हणता म्हणता माझी हनुवटी मोजायच्या. पावडर लावून शाळेत जायचे मी. हे तुला कधी सांगितलं नव्हतं.

शेजारच्या माध्व वैष्णव काकूंचा दाखला दिलास, तोही मान्य. त्या आषाढी एकादशीला मठात जाऊन स्वामींच्या हातून शंख-चक्राच्या तापवलेल्या मुद्रा घेऊन येतात. लहान असताना "काकू, भाजलं काय?" म्हणून तूच त्यांच्या हातावर फुंकर घातली होतीस. पण ते हातावर, बाळी. आमचे अण्णा, तुझे आजोबा, वारकरी, त्यांचं गोपीचंदन संध्याकाळपर्यंत घामानं जायचं आणि सकाळी परत लागायचं. तेही कपाळावर. छत्तीसगडच्या रामनाम्यांचं तू सांगितलंस, की देवळात येऊ दिलं नाही म्हणून त्यांनी सगळ्या अंगालाच रामनाम गोंदवून घेतलं, "आणि सगळ्या अंगात पाय पण येतात, आई." यावर मला उत्तर सुचलं नाही, म्हणून आवाज चढवला. विठोबाच्या पायांवर डोकं ठेवतेस, मग पाय वाईट कसा, याचंही उत्तर नाही. त्याचे पाय आणि आपले पाय वेगळे, असं म्हणणार होते. मग पुरुषसूक्तातलं तू काढलंस, पायातून कुणाचा जन्म झाला सांगितलाय ते, आणि मी गप्प बसले. त्या हिशेबानं आपणच कुठं बसतो ते मला माहीत आहे.

देवळातल्या पुजाऱ्यांना विचारून आले. (बाबांना सांगू नकोस.) ते म्हणाले, अंगावर देव गोंदवू नये असं सरसकट कुठं सांगितलेलं नाही, बायकांचं गोंदण तर पुण्याचंच धरतात, फक्त कंबरेच्या खाली नको. पायाला केर-चिखल लागतो, पाय कुणालाही लागतो. पाळीच्या दिवसांत तू फळीवरच्या देवाला हात लावत नाहीस, ही तर अंगावरच, हिला कुठं ठेवणार? सैन्यातसुद्धा बघ, मामाच्या पोराच्या हातावर ॐ होतं, भरतीत चाललं, कारण कोपरापासून मनगटापर्यंत आतल्या बाजूला चालतं. पायावर असतं तर घरी पाठवला असता. झालं, आले परत पायावरच.

2015 ची गोष्ट तुला आठवत असणार, तू दहावीत होतीस. बेंगळुरात एका हॉटेलात ऑस्ट्रेलियाच्या पोराला लोकांनी घेरलं, नडगीवर यल्लम्मा गोंदवली म्हणून. कातडं सोलून काढू म्हणाले. पोलिसांनी त्याच्याकडूनच माफी लिहून घेतली. मी चहा पीत पेपर वाचता वाचता म्हणाले होते, "पायावर देवी काढल्यावर दुसरं काय होणार." तू ताटावरून उठून गेली होतीस. त्या पोराला पण आई असेल, हे मला त्या वेळी सुचलं नाही. आता रोज सुचतं. पुण्यात तुला कोण अडवणार म्हणा, पण गर्दीत मोजे घालत जा. बसमध्ये घाल. ऑफिसात तर घालच.

आणि सुई नवी होती ना? तुझ्यासमोर पाकीट फोडलं ना? हिपॅटायटिस बी वापरलेल्या सुयांतूनही होतो. तू रक्तदानाला जातेस, तर आता 12 महिने जाऊ नकोस, गोंदवलेल्याचं रक्त तेवढे दिवस घेत नाहीत. हे उपदेश म्हणून नाही, माहिती म्हणून. बरं, उपदेशच. तीस वर्षं फळ्यासमोर उभी राहिलेल्या बाईचं तोंड असं लगेच बंद होत नाही.

अक्काचं तुला अर्धंच माहीत आहे. अण्णांना देवी आल्या तेव्हा ते सहा वर्षांचे होते, अक्का नऊची. आज्जी यल्लम्माच्या डोंगराकडं तोंड करून बोलली, पोरगा ठेव, पोरगी तुझी. अण्णा वाचले. त्यांच्या गालावरच्या वणांत तू बोट घालून खेळायचीस. पुढच्या पुनवेला अक्काला सौंदत्तीला नेलं, जोगुळबावीवर अंघोळ घातली, लिंब नेसवला, गळ्यात लाल-पांढरे मणी बांधले. पोरी देवाला सोडायला बंदी 1934 सालीच आली होती, बेळगाव मुंबई इलाख्यात होतं तेव्हा. कर्नाटकानं 1982 ला परत कायदा केला, तोवर अक्का चाळीस वर्षांची झालेली. कायदे दोन आले, अक्काच्या दारात कोणी आलं नाही. निपाणीला तिचं काय झालं ते मी लिहिणार नाही. तू विचारलंस तर तोंडानं सांगेन, एकदाच.

मला शाळेत "जोगतिणीची भाची" म्हणायचे. दोन स्थळं त्यावरून परत गेली. तुझ्या बाबांच्या घरी कोणी विचारलं नाही, म्हणजे बाबांनी विचारू दिलं नाही. म्हणून म्हणते, माझ्या डोळ्यांना ते चित्र दिसत नाही गं. आमच्यात पोरीच्या अंगावर देवी आली की ती पोरगी घरची राहत नव्हती. तुझ्या घोट्यावर अंगठा होता आणि मला नऊ वर्षांची अक्का दिसत होती, जिला मी त्या वयाची कधी बघितलीच नाही. मग तोंडातून कंबर, चिखल, पाळी, जे सापडेल ते आलं.

तिला शेवटची अंघोळ मी घातली, तू परीक्षेत होतीस. मणी बायकांनी काढले. साबण लावताना डाव्या हाताच्या आत, कोपराजवळ, हिरवी अक्षरं दिसली. चोळीच्या बाहीखाली एवढी वर्षं झाकलेली. अण्णांचं नाव. कोरविणीला लिहिता येत नसणार, 'ण'ची एक काठी राहून गेलेली. जिच्या बदल्यात तो वाचला, तिनं त्याचंच नाव टोचून घेतलं होतं, आणि अण्णांना ते शेवटपर्यंत माहीत नव्हतं. मी त्यांना सांगितलं नाही. त्या अक्षरांवरून साबणाचा हात दोनदा फिरवला.

तुझ्या यल्लम्मेच्या गळ्यातल्या कवड्या मी परत आठवून बघितल्या. अक्काच्या परडीला होत्या तशाच, मधली एक फुटकी. ती फुटकी कवडी अक्काला सोडून कोणाला ठाऊक? तुला ठाऊक होती, तू तिच्या खोलीत झोपायचीस. त्या दिवशी मी किती पैसे लागले विचारलं, कोणी शिकवलं विचारलं, दुखलं काय हे पण विचारलं नाही. अक्कासाठी काढलंस काय गं?

येत्या 15 तारखेला मार्गशीर्षातली पुनव आहे, रविवार आहे. रांडाव पुनव, देवीच्या विधवापणाची. अक्का त्या दिवशी बांगड्या फोडून यायची आणि आठवडाभर कोणाशी बोलायची नाही. ती गेल्यापासून मी डोंगरावर गेलेली नाही. यंदा बाबा गाडी सांगतो म्हणालेत. जमलं तर शुक्रवारी रात्रीच्या बसनं ये, फराळाचं थोडं तुझ्यापुरतं काढून ठेवलंय. तिथं चपला खाली काढाव्या लागतात, मोजे पण. असू दे. भंडाऱ्यानं सगळ्यांचेच पाय पिवळे झालेले असतात.

तुझी,
आई