नाशिकरोड-द्वारका रस्ता : पुलाआधी जोडणी आखा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नाशिकरोड ते द्वारका रस्त्यावरील कोंडीचा विषय निघाला की चर्चा उड्डाणपुलापाशी येऊन थांबते. मुंबई-आग्रा महामार्गावर द्वारका चौकावरून उड्डाणपूल गेला, तरी खालचा चौक मोकळा झालेला नाही, याचा मात्र सोयीस्कर विसर पडतो. पुण्याच्या एसटी, सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीची अवजड वाहने आणि रेल्वे स्थानक गाठणारे प्रवासी हे सारे याच एका रस्त्यावर येत असताना, प्रत्येक यंत्रणा आपापल्यापुरताच विचार करते, हे खरे दुखणे आहे.

रेल्वे स्थानक शहराच्या मध्यवस्तीपासून आठ-नऊ किलोमीटर दूर आहे. रात्री पंचवटी एक्स्प्रेस आली की शेकडो प्रवासी एकदम बाहेर पडतात आणि 'शालिमार, सीबीएस (मध्यवर्ती बसस्थानक)' अशी हाळी देणाऱ्या रिक्षांभोवती गर्दी होते. चालकाशेजारी अर्धवट बसून, पाय बाहेर ठेवून द्वारका गाठणारेही दिसतात. महापालिकेच्या सिटीलिंक शहर बससेवेच्या काही बस मुंबईहून येणाऱ्या गाड्यांच्या आगमनाशी बांधल्या आणि गाडीला उशीर झाल्यास त्या थांबवून ठेवल्या, तर एवढ्याने रस्त्यावरील अनेक रिक्षा व दुचाकी कमी होतील. यासाठी भूसंपादन लागत नाही. रेल्वे आणि महापालिकेच्या अधिकाऱ्यांनी एकत्र बसून वेळापत्रक जुळवावे लागते, आणि बहुधा तेच अवघड जात असावे. शेअर टॅक्सीने कसारा गाठून लोकल पकडणाऱ्यांसाठीही द्वारका परिसरात टॅक्सी व शहर बस यांचा एकत्रित थांबा हवा.

२०२१-२२च्या केंद्रीय अर्थसंकल्पात नाशिकच्या मेट्रो निओसाठी (रबरी चाकांची, विजेवर धावणारी बससारखी मेट्रो) २,०९२ कोटी रुपयांची घोषणा झाली. गंगापूर-नाशिकरोड हा तिचा प्रमुख मार्ग होता. ती येईल तेव्हा येईल. तोवर गर्दीच्या वेळी अवजड वाहनांना बंदी, बससाठी राखीव मार्गिका आणि विनाअडथळा पदपथ एवढे तरी करता येईल. द्वारकेचा पादचारी भुयारी मार्ग वापराविना पडून राहिला, कारण चौक ओलांडणारा कोणत्या वाटेने जातो, हे कोणी पाहिलेच नव्हते.

२०१५च्या सिंहस्थात खासगी वाहने बाह्य वाहनतळांवर थांबवून भाविकांना बसने आणले गेले. २०२७च्या सिंहस्थासाठी तशी व्यवस्था पुन्हा होईलच. तिच्यातील सिन्नर आणि ओझर बाजूचे वाहनतळ व बसफेऱ्या पर्वणीनंतरही कायम ठेवता येतील अशा रीतीने आताच आखाव्यात, आणि रेल्वे, एसटी, सिटीलिंक, महामार्ग प्राधिकरण व वाहतूक पोलीस यांचा एकच आराखडा हरकती-सूचनांसाठी नागरिकांपुढे ठेवावा, ही विनंती.

आपला,
एक नियमित प्रवासी, उपनगर, नाशिक