विन्याला पत्र

धरमपेठ, नागपूर

प्रिय विन्या,

परवा फोनवर तू म्हणालास, सिझर होणारच आहे तर त्याच टायमाला हिचं नसबंदीचं ऑपरेशनही उरकून टाकू. आई शेजारीच बसून होती, म्हणून मी नुसता हं हं करत राहिलो. आता लिहून राहिलो, कारण तुझा मोबाइल घरात कोणाच्याही हातात असतो.

पोट उघडलेलं असताना नळ्या बांधणं सोपं जातं, डॉक्टरही सुचवतात. कबूल. पण हे वहिनीला कोणी विचारलं का बे? तुझं ठरलं, काकूंचं ठरलं, सासऱ्यांचंही ठरलं. ती काय म्हणते ते तुझ्या तोंडून एकदाही आलं नाही. कळा सुरू असताना किंवा गुंगीत असताना संमती घ्यायची नाही, असा सरकारी नियम आहे. म्हणून बोलायचं ते आत्ता, सातव्या महिन्यात. तिला एवढ्यात कायमचं काही नको असेल तर तांबी आहे. बाळंतपणानंतर ४८ तासांच्या आत बसवता येते, एक प्रकार १० वर्षं चालतो, आणि वाटेल तेव्हा काढता येते. दर तीन महिन्यांनी घ्यायचं अंतरा इंजेक्शन आहे. छाया गोळी आहे, त्यात हार्मोन नसतात. सरकारी दवाखान्यात हे सगळं फुकट मिळतं.

आणि कायमचंच करायचं तर तू का नाही? तुला हे कधी सांगितलं नव्हतं, पण धाकटीनंतर मी माझी नसबंदी करून घेतली. बाकावर सगळ्या बायाच, कोणाच्या मांडीवर लेकरू, कोणाची आई सोबत. सिस्टरने नाव पुकारलं आणि मला पाहून म्हणाली, "पेशंटला पाठवा, तुम्ही बाहेर थांबा." म्हटलं, सिस्टर, पेशंट मीच. अख्खा बाक हसला. आत डॉक्टरांनी कातडीखालची नळी चिमटीत धरली, सुई टोचली, मग पोटात खालून ओढल्यासारखं झालं, तेवढंच. टाका नाही. परतताना स्कूटर हिने चालवली आणि प्रत्येक स्पीडब्रेकरला मागे वळून विचारलं, दुखते का? आईला कळलं तेव्हा ती म्हणाली, "काहून रे, सुनेचं नसतं झालं का? पोराले कमजोरी येईल ना!"

कमजोरी बिमजोरी काही येत नाही. पुरुषी हार्मोन रक्तातून जातो, त्या नळीतून नाही. नळी बंद झाली की फक्त शुक्रजंतू अडतात. दोन दिवस आराम, आठवडाभर जड उचलायचं नाही. एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेव: पुढचे तीन महिने निरोध वापरायचा आणि तपासणीत शुक्रजंतू शून्य आल्याशिवाय मोकळं समजायचं नाही. नळी पुन्हा जोडता येते, पण भरवसा नाही, म्हणून मनात किंतु असेल तर करूच नकोस.

आपल्या बापांच्या पिढीची भीती मला समजते. आणीबाणीत १९७६-७७ या एका वर्षात ६० लाखांवर पुरुषांच्या नसबंद्या झाल्या, कित्येकांच्या जबरदस्तीने. महाराष्ट्राने तर सक्तीचं विधेयकही मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची सही झाली नाही म्हणून वाचलो. त्यानंतर पुरुष जो मागे सरला तो सरलाच. २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत देशातल्या जवळपास ३८ टक्के विवाहित बायकांची नसबंदी झालेली होती, पुरुषांची ०.३ टक्के. आणि हे कुठे, तर र. धों. कर्व्यांनी १९२१ सालीच मुंबईत संततिनियमन केंद्र काढलं त्या देशात! बाबासाहेबांच्या पक्षाने १९३८ मध्ये मुंबई विधिमंडळात याच विषयाचा ठराव आणला होता. तोही आपटला.

असो. काकूंना काही समजावत बसू नकोस, त्या ऐकणार नाहीत. ऑपरेशन तुझं असो की तिचं, सही ज्याची त्याचीच लागते, नवऱ्याची-बायकोची संमती लागत नाही. हे पत्र वहिनीलाही वाचायला दे. ती म्हणाली तांबी, तर तांबी. ती म्हणाली माझंच ऑपरेशन करा, तर तेही बरोबर. तुझं ठरलं तर तारीख कळव, मी रजा टाकून येतो.

तुझा,
पक्या