कला अकादमी: दुरुस्तीची मोजमापे जाहीर करा

मा. संपादक,

पणजीतल्या कांपाल भागातील कला अकादमीबद्दल वाद रंगतो तो खर्चाचा आणि राजकारणाचा. वास्तू नेमकी कशामुळे बिघडते, याची चर्चा क्वचितच होते.

वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांनी आखलेले हे संकुल 1973 ते 1983 या काळात उभे राहिले. मांडवीकाठी ठेंगणे, आडवे पसरलेले. दर्शनी बाजूला मोठा पेर्गोला (तुळयांचा उघडा मांडव) आणि फॉयरमधून (प्रवेशदालनातून) नदीपर्यंत जाणारी सावलीची वाट. दीनानाथ मंगेशकर कला मंदिर, खुले नाट्यगृह, ब्लॅक बॉक्स हे प्रयोगांचे छोटे नाट्यगृह आणि संगीत-नाट्याचे वर्ग एकाच आवारात असल्याने तबल्याचा विद्यार्थी, मराठी नाट्यस्पर्धेतला नट आणि तियात्राला (कोंकणी संगीतनाट्याला) आलेले कुटुंब एकाच पायऱ्यांवर टेकते. गोव्यात असे दुसरे ठिकाण नाही.

जुलै 2023 मध्ये, नूतनीकरणाचे काम चालू असतानाच, खुल्या नाट्यगृहाच्या रंगमंचावरचे छत कोसळले. नोव्हेंबरात संकुल पुन्हा उघडले, पण गळतीच्या आणि ध्वनीच्या तक्रारी थांबल्या नाहीत.

पणजीत वर्षाला सुमारे 3000 मिलिमीटर पाऊस पडतो, वर खाडीची खारी हवा. क्षार काँक्रीटमध्ये झिरपतात, सळई गंजते, गंज फुगतो आणि सळईवरचे काँक्रीटचे आवरण सुटते. त्यावर नुसता गिलावा केला तर आतला गंज चालूच राहतो. हातोडीने ठोकून पोकळ भाग शोधायचा, तो सळईच्या मागे 20-25 मिलिमीटरपर्यंत फोडायचा, सळई घासून गंजरोधक लेप द्यायचा, मग पॉलिमर मॉर्टर भरून ते ओले ठेवायचे. जिथे सळईची जाडी बरीच घटली आहे तिथे नवी सळई जोडावीच लागते. गच्चीला किमान 1:100 उतार हवा. जलरोधक थरावर 25 मिलिमीटर पाणी 48 तास साठवून खालून ओल तपासल्याशिवाय फरशी बसवू नये. बऱ्याच गळतीचे मूळ तर तुंबलेल्या पन्हाळीतच असते!

ध्वनीचा प्रश्न अधिक नाजूक आहे. नाटकाच्या संवादांना सुमारे 1 सेकंदाचा निनाद (आवाज थांबल्यावर सभागृहात रेंगाळणारा नाद) पुरतो, पाश्चात्त्य वाद्यवृंदाला 2 सेकंदांच्या आसपास लागतो. खुर्च्यांचे कापड, गालिचा, छताचे पॅनेल यांतले काहीही बदलले की हा आकडा हलतो, आणि तो नुसते स्पीकर वाढवून दुरुस्त होत नाही. म्हणून 500 आणि 1000 हर्ट्झ कंपनसंख्येच्या आवाजाला, पुढच्या, मधल्या आणि शेवटच्या रांगांत, रिकाम्या व भरलेल्या सभागृहात मोजणी व्हावी. व्यंगचित्रकार मारिओ मिरांडा यांनी भिंतींवर रंगवलेले सज्जे आणि प्रेक्षक यांच्यावर कोणतेही आच्छादन चढवू नये, हे वेगळे सांगायला लागू नये.

आमची मागणी साधी आहे. पाणीचाचणी, सळईची तपासणी आणि निनादकाल यांचे आकडे तारखेसह अकादमीच्या फलकावर लावावेत, आणि पन्हाळी-गच्चीची सफाई दरवर्षी 15 मेपूर्वी उरकावी.

– बांधकाम व नाट्यध्वनी क्षेत्रातील काही वाचक, पणजी