गोपाळपूरहून आल्यावर

बार्शी, आषाढ वद्य पंचमी

प्रिय सुमे,

सात महिने पत्र नाही. दोनदा तुझा फोन आला, दोन्ही वेळा "कामात आहे" म्हणून ठेवला. खोटं होतं ते. बोलले असते तर रडू आलं असतं. इकडे सगळे बरे आहेत. ह्यांची साखर आटोक्यात, माझी टाच दुखते, एवढंच.

दिंडीच्या हिशेबात ११,४०० रुपये कमी भरले, आणि हिशेब माझ्याकडे होता. चैत्रातल्या बैठकीत कुणी चोर म्हणालं नाही गं. नुसतं विचारलं, "वहिनी, डबा घरीच असतो ना?" त्या दिवसापासून वर्गणी घेऊन येणारी माणसं माझं दार ओलांडून चोपदारांकडे जायला लागली. मोठ्या काकू, माझ्या हातच्या पोळ्या बांधून नेणाऱ्या, हरिपाठाला माझ्या शेजारून उठून खांबाआड जाऊन बसल्या. मग मीच देवळात जायचं सोडलं. एका रात्री उठून कपाट उपसलं, खरंच मीच कुठं ठेवले की काय म्हणून. लोकांचं बोलणं इतकं आत शिरतं.

निघायच्या आठ दिवस आधी ट्रकवाल्याच्या वहीत उचल सापडली. ११,४००च. अध्यक्षांनी स्वतःच्या हातानं दिलेली, सांगायची राहून गेलेली. आणि द्वादशीला पंढरपुरात, सगळ्या दिंडीसमोर, मला नारळ आणि लुगडं. "वहिनी म्हणजे देवमाणूस." ओटी भरली मोठ्या काकूंनीच. आणि सुमे, मला बरं वाटलं. इतकं बरं वाटलं, की रात्री त्याचीच भीती वाटायला लागली. चैत्रात ज्यांच्या एका प्रश्नानं मी आडवी झाले, त्यांच्याच एका नारळानं उभी राहिले. म्हणजे दोरी अजून त्यांच्याच हातात.

पौर्णिमेला काल्याला गोपाळपूरला गेलो. तिथं तुझ्या जनाबाईचं जातं आहे. गंगाखेडची म्हणून तुझीच ती, भांडत नाही! गॅदरिंगला "डोईचा पदर आला खांद्यावरी" मी म्हणणार म्हणून तू आठ दिवस अबोला धरलास, आणि शेवटी हट्टानं स्वतः म्हटलंस ते सुद्धा घसा बसलेला असताना. मराठीच्या बाई हसू दाबायला खिडकीकडे वळल्या होत्या, तुला आजवर सांगितलं नव्हतं.

जात्यापाशी बसले आणि ती पदकाची गोष्ट आठवली. लहानपणी आपल्याला सुळाचं पाणी झालेलं तेवढं आवडायचं. या वेळी मात्र माझं मन त्याच्या आधीच्या वाटेवर अडकलं. देवाचं पदक जनीच्या खोपटात सापडलं, तिला चंद्रभागेकडे सुळावर द्यायला नेलं. दोन्ही बाजूंना माणसं असतील. तीच माणसं संध्याकाळी तिच्या पाया पडली असतील. पण पदक तिथं कसं आलं हे विठ्ठलाला सकाळीही ठाऊक होतं, संध्याकाळीही. तोच विसरून आला होता ना! म्हणून ती त्याला "विठ्या" म्हणून शिव्या घालू शकते. ज्याला सगळं ठाऊक आहे त्याच्याशीच असं भांडता येतं.

आता जे लिहिते ते ह्यांच्याशिवाय कुणाला ठाऊक नाही. गेल्या वर्षी ज्येष्ठात ह्यांना डेंग्यू झाला. रात्री दीडला औषधवाल्यानं रोख मागितली, घरात पैसे नव्हते. मी दिंडीच्या डब्यातून २,२०० काढले. चौथ्या दिवशी परत ठेवले, पै न् पै. वहीत लिहिलं नाही. बैठकीत तो डब्याचा प्रश्न आला तेव्हा माझ्या तोंडचं पाणी पळालं ते यामुळे, ११,४००मुळे नाही. आणि लुगडं हातात घेतानाही हेच आठवत होतं. चोर समजले तेही चुकले, देवमाणूस म्हणाले तेही चुकले. दर्शनबारीत चौदा तास उभी होते. पायांवर डोकं ठेवायला क्षणभर मिळतं, लगेच पुढं ढकलतात. पण तेवढ्यात वाटलं, याला ते २,२०० ठाऊक आहेत, रात्रीचे दीड वाजलेलेही ठाऊक आहेत, माझे थरथरणारे हातही. आणि तरी त्यानं पाय मागं घेतले नाहीत. लुगड्यानं जे झालं नाही ते तिथं झालं. बाहेर येऊन पायरीवर मनसोक्त रडले.

रविवारी बैठक आहे. वहीत त्या तारखेला ते पैसे लिहिणार आहे, काढले आणि ठेवले, आणि वाचून दाखवणार आहे. हे म्हणतात, "मिटलेलं उकरू नकोस." काकू परत खांबाआड बसतील, मला कळतंय. पोटात गोळा येतोच. पण चैत्रासारखा नाही.

तुझं काय? गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं का? धाकटीला तिकडचं थंड सोसतंय का, की अजून दर आठवड्याला रडते? लोणचं पाठवते आहे, या वेळी मीठ बेताचं आहे.

पत्र रविवारच्या आत पोचलं तर फोन कर. उचलीन.

तुझी,
कुसुम