उचलणार कोण, हे विचारणाऱ्या ताईंना

ताई,

सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात बाबांनी पाण्याच्या मधोमध बसून गळ टाकला. सहा वर्षांनी. काठावरच्या शेवाळावरून दोनदा पाय घसरल्यावर त्यांनी मासेमारीचा विषयच बंद केला होता, गळाच्या काठ्या माळ्यावर गेल्या होत्या. त्या दिवशी त्या खाली आल्या. सकाळभर होडीत बसून ते घरी आले आणि जेवताना दोरा, गळ, खोली यांवर न थांबता बोलत राहिले. मला त्या वेळी तुमचीच आठवण येत होती.

फोनवर तुमचे आभार मानले, पण तेवढ्यानं समाधान झालं नाही. बेताच्या पैशात, उचलून नेता येईल अशी होडी शोधणारे माझ्यासारखे खूप जण असतील. तुम्ही मला जे समजावलंत ते त्यांच्याही हाती लागावं, म्हणून हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहितोय.

आपली पहिली भेट मी फाटकी होडी तुमच्याकडे दुरुस्तीला घेऊन आलो तेव्हाची. स्वस्तात मिळाली म्हणून घेतलेली ती हवेची होडी दुसऱ्याच खेपेला जोडावर उसवली. काठ चार हातांवर होता म्हणून निभावलं. तुम्ही तिचा पापुद्रा चिमटीत धरून उजेडासमोर नेलात आणि म्हणालात, "यात कापडच नाही. नुसतं प्लास्टिक आहे. चिकटवून देईन, पण बाबांना यात बसवू नकोस." मग तुमच्याकडचा एक तुकडा हातात दिलात. मध्ये विणलेलं कापड, दोन्ही अंगांना पीव्हीसीचा थर, सगळी मिळून जाडी पाऊण मिलिमीटरच्या आसपास. काटा रुतला तर कापड त्या भोकाला तिथंच अडवतं. नुसत्या प्लास्टिकमध्ये भोकाची चीर होते आणि चीर पुढे पळत जाते. हा फरक मला कुठल्याच विक्रेत्यानं सांगितला नव्हता.

कप्प्यांचंही तेव्हाच कळलं. हवा एकाच नळीत असेल तर एक भोक म्हणजे सगळी होडी गेली. किमान तीन वेगळे कप्पे हवेत, आणि एक पूर्ण बसला तरी बाकीच्यांवर माणसं तरंगायला हवीत. हॅल्केटची गोष्ट तुम्ही त्याच ओघात सांगितलीत. ब्रिटिश नौदलातल्या लेफ्टनंट पीटर हॅल्केट यानं १८४० च्या दशकात अंगावर घ्यायचा झगाच असा बनवला की फुगवला की त्याची होडी व्हायची आणि छत्रीचं शीड. त्या होडीचेही चार स्वतंत्र हवाबंद भाग केलेले होते. आर्क्टिकमध्ये फिरणाऱ्या जॉन रे यानं तशी होडी सोबत नेली होती. पावणेदोनशे वर्षांपूर्वी ज्याला हे सुचलं, त्याच्यापुढे माझी एका कप्प्याची होडी किती मागासलेली होती, हे मला पटलं.

त्यानंतर मी अगदी उलट टोकाला गेलो. पुन्हा फाटणारं काही नकोच, म्हणून जुनी अॅल्युमिनियमची, सपाट तळाची दहा फुटी होडी हेरली. भाव परवडणारा होता, मालक भला वाटत होता, आणि तुम्ही फक्त बघून या म्हणून मी तुम्हाला बोलावलं. तुम्ही होडीभोवती एक फेरी मारलीत आणि विचारलंत, "उचलणार कोण?"

मी म्हटलं, मी उचलेन. तुम्ही वाद घातला नाहीत. घरी जाऊन वीस-वीस लिटरचे दोन कॅन पाण्यानं काठोकाठ भर, दोन हातांत दोन घे, जिन्यानं खाली ये, गाडी उभी असते तिथपर्यंत जा आणि परत वर ये, एवढंच सांगितलंत. "हे चाळीस किलो झाले. होडी याहून थोडी जडच आहे, आणि तिला कॅनसारखी मूठ नाही." दुसऱ्या मजल्यावरून मी एकदा उतरलो आणि एकदा चढलो. दुसऱ्या खेपेला कॅन पहिल्या मजल्यावरच ठेवावे लागले. त्या रात्री मला माझी गरज पहिल्यांदा नीट दिसली. तोवर मी होडी पाण्यावर कशी दिसेल एवढाच विचार करत होतो. घरापासून पाण्यापर्यंतच्या वाटेचा विचार मी केलाच नव्हता.

तरीही ती होडी कशी तपासायची ते तुम्ही शिकवलंतच, पुढेमागे कुणाला उपयोगी पडेल म्हणून. जुन्या अॅल्युमिनियमच्या होडीत आतून पाणी भरायचं आणि बाहेरून कुठल्या रिव्हेटला, म्हणजे पत्रे जोडणाऱ्या खिळ्याला, ओल येते ते बघायचं. मोटर बसवायच्या मागच्या फळीला टोच्या टोचून पाहायचा. आतलं लाकूड कुजलं असेल तर तो लोण्यात शिरावा तसा आत जातो. ज्यांच्या दारातून पाण्यापर्यंत ट्रेलर जातो, त्यांनी अॅल्युमिनियमचीच घ्यावी, असं मलाही आता वाटतं. तिला गळ टोचत नाही, खडकानं ती फाटत नाही, आणि नीट राखली तर ती एका माणसाच्या उमेदीपेक्षा जास्त टिकते.

कयाकचा, म्हणजे खाली तळाशी बसून वल्हवायच्या लहान निमुळत्या होडीचा, विचार कसा संपला तेही लिहितो. मासेमारीचे चांगले रुंद कयाक पंचवीस ते पंचेचाळीस किलोंचे असतात, वल्हवायला हलके, दिसायला देखणे. माझं मन तिकडे झुकलं होतं. तुम्ही बाबांना वीतभर उंचीच्या पाटावर बसवलंत आणि हात न टेकता उठायला सांगितलंत. त्यांना उठता येईना. गुडघ्यात जोर नाही, हे ते माझ्यापासून लपवत होते. तुम्ही हसला नाहीत की गंभीरही झाला नाहीत. "म्हणजे बसायची फळी उंच हवी," एवढंच म्हणालात आणि वहीत लिहून घेतलंत. त्या क्षणाबद्दल मी तुमचा विशेष ऋणी आहे. बाबांचा मान राखून तुम्ही त्यांच्या गुडघ्याचं माप घेतलंत.

मग उरली ती चांगल्या कापडाची हवेची होडी, आणि खरा प्रश्न तळाचा होता. सर्वात हलका तळ फळ्यांच्या पट्ट्यांचा, होडीसकट गुंडाळता येतो, पण पावलाखाली लचकतो. हवेचा उच्च दाबाचा तळ टणक असतो, कारण त्याच्या वरच्या आणि खालच्या थराला हजारो धागे बांधून ठेवतात. त्यामुळे दाब वाढवला तरी तो फुगून गोल होत नाही, फळीसारखा सपाट राहतो. तो मला हवा होता, पण पैशात बसेना. तुम्ही प्लायवुडच्या सुट्या फळ्यांचा तळ सुचवलात. मी लगेच म्हटलं, तो तर सगळ्यात जड! त्यावर तुमचं उत्तर मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय: "एकूण वजन बघू नकोस, एका खेपेचं बघ." आमची होडी सगळी मिळून चौतीस किलोंची आहे. पण पिशवीतली होडी एकवीस, फळ्या नऊ आणि बैठक-वल्ही चार. दोन खेपांत सगळं खाली जातं, आणि वल्ही बाबा स्वतः घेतात. मी देतो म्हटलं तर रागावतात.

पैशांची वाटणी तुम्ही उलटी करून दाखवलीत. मी सगळी रक्कम होडीवर लावून बसलो होतो, बाकीचं नंतर बघू म्हणून. तुम्ही कागदावर सर्वात वर दोन लाइफ जॅकेट लिहिलीत. बाबांना पोहता येत नाही, म्हणून त्यांच्यासाठी १०० न्यूटनचं (न्यूटन म्हणजे जॅकेट किती जोरानं तरंगवतं त्याचं माप). ५० न्यूटनचं जॅकेट पट्टीच्या पोहणाऱ्यानं काठाजवळ वापरायचं असतं, हे मला तोवर माहीत नव्हतं. त्याखाली दाब दाखवणारा पंप, मग नांगर आणि दोर, मग ठिगळाचं सामान. रेघ मारून उरलेल्या आकड्याला म्हणालात, "ही तुझी होडी." म्हणूनच जुनी घ्यायची ठरली, आणि ते बरं झालं.

मोटरचा हट्ट मी बरेच दिवस सोडला नव्हता. तुम्ही हिशेब मांडलात. पाणी कापत जाणाऱ्या होडीच्या वेगाला तिच्या लांबीची मर्यादा असते. पाण्याला टेकलेली लांबी फुटांत घ्यायची, तिचं वर्गमूळ काढायचं आणि १.३४ ने गुणायचं, की नॉटमध्ये वेग मिळतो. नऊ फूट धरले तर चार नॉट, म्हणजे ताशी जेमतेम साडेसात किलोमीटर. त्यापुढे लहान मोटरचा जोर नुसती लाट उठवण्यात जातो. शिवाय १०० अँपिअर-तासांची साधी बॅटरी एकटीच पंचवीस किलोंच्या वर, म्हणजे आमच्या पिशवीतल्या होडीहून जड. पहिलं वर्ष वल्ह्यांवर काढ, असं तुम्ही म्हणालात. आता मला मोटर नकोच आहे. वल्ह्यांचा आवाज थांबला की पाणी इतकं शांत होतं की दोरा सरकलेला ऐकू येतो.

जुनी होडी तपासायचा दिवस तर मी विसरणार नाही. तिच्या मालकाच्या अंगणात तुम्ही गुडघे टेकून प्रत्येक जोडावरून साबणाच्या पाण्याचा ब्रश फिरवलात. भोकाला घाबरू नकोस, ठिगळ लागतं. जोडाचा डिंक लांबवर सुटलेला दिसला किंवा कापड हाताला चिकट लागलं, तर मात्र परत फिर, असं तुमचं सांगणं. बुडबुडे आले ते एका व्हॉल्व्हच्या कडेला, आणि व्हॉल्व्ह पान्यानं आवळल्यावर थांबले. रात्रभर फुगवून ठेवली तेव्हा सकाळी ती मऊ लागली आणि माझा जीव खाली गेला. तुम्ही थांबवलंत: रात्री हवा थंड होते. तापमान दहा अंशांनी उतरलं तर पाव बारचा दाब अंदाजे ०.२१ वर येतो, त्यात गळती काहीच नसते. दुपारी पुन्हा मोजू. दुपारी काटा जागच्या जागी होता. तुम्ही नसता तर मी एक चांगली होडी सोडून आलो असतो.

याचीच दुसरी बाजूही तुम्ही तेव्हाच बजावलीत, आणि ती जास्त महत्त्वाची आहे. होडी पाण्यात असताना पाणी तिचं पोट गार ठेवतं. काठावर उन्हात ओढून ठेवली की आतली हवा तापते आणि जोडांवर ताण येतो. जेवायला थांबलो की थोडी हवा सोडायची. बाबांनी ते काम स्वतःकडे घेतलंय.

होडीवरच्या पाटीत तीन माणसं लिहिली आहेत. तुम्ही दोनच म्हणालात, ते किती योग्य होतं! बाबा ६८ किलो, मी ८१, त्यात डबा, पाणी, नांगर, काठ्या मिळून वीसेक किलो. पाटीवरच्या वजनाच्या हे बरंच आत आहे, पण जागा बघितली तर तिसरा माणूस आला की कुणाचा तरी गळ कुणाच्या तरी बाहीत जाईल.

आणि वारा. हवेची होडी पाण्यात खोल बसत नाही, वारा तिला पानासारखी ढकलतो. जाताना वाऱ्याच्या समोर जा, म्हणजे दमल्यावर तोच तुला घरी आणेल, हे तुमचं वाक्य पहिल्याच दिवशी खरं ठरलं. अकराच्या सुमाराला वारा उठला, माझे खांदे भरून आले होते, आणि आम्ही जवळजवळ वल्ही न मारता काठाला लागलो. नांगर मी पुढच्या टोकालाच बांधला होता, मागे नाही. दोर खोलीच्या पाचपट सोडला होता. मागच्या बाजूनं बांधला की लाट सरळ आत येते, हे तुम्ही पाण्याच्या टबात खेळण्यातली होडी बुडवून दाखवलं होतंत. बाबांनी नातवालाही तोच प्रयोग करून दाखवला.

एका बाबतीत मात्र मी तुमचं ऐकलं नाही. बैठकीवर गादी नको, उंची वाढते आणि होडी डुलते, असं तुम्ही म्हणाला होतात. मी बोटभर जाडीची घातली. तीन तास फळीवर बसून बाबांची कंबर धरत होती. होडी डुलली नाही, कारण ते बसले की उठतच नाहीत. तुम्ही स्वतः बसून बघा आणि मग सांगा.

इतक्या संध्याकाळी तुम्ही माझ्यासाठी घातल्यात, आणि पैशांचं नाव काढलं की दुसराच विषय काढलात. मी तुमचा ग्राहकही नव्हतो. फाटकी होडी घेऊन आलेला एक अनोळखी माणूस होतो. तुम्ही तेव्हा ती चिकटवून दिली असतीत तर तुमचे चार पैसे झाले असते आणि मी खूश होऊन परत गेलो असतो. पुढे खोल पाण्यात काय झालं असतं, ते मनात आलं की अजूनही हात गार पडतात. मनापासून आभार, ताई.

तुमच्या पंपाचं तोंड माझ्याकडेच राहिलंय. रविवारी आणून देतो. बाबाही येणार आहेत. काठी टेकवायला कडेवर एक खाच चिकटवून मिळेल का, असं त्यांना तुम्हालाच विचारायचंय. तिची जागा त्यांनी खडूनं खूण करून ठेवली आहे.

तुमचा,
दुसऱ्या मजल्यावरून कॅन घेऊन उतरलेला