‘बॅक दाबू नका’ हे उत्तर होत नाही

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : तुमच्या बिलिंग सॉफ्टवेअरमध्ये ब्राउझरचं बॅक बटण दाबताच भरलेलं बिल पुसलं जाणे, आणि तुमच्या माणसाचं बोलणे

आज दुपारी तुमच्याकडे चौथा फोन केला. ३८ मिनिटांनी तो तिकडूनच कट झाला. म्हणून आता लेखी.

नागपुरात गांधीबागेतल्या पाच ठोक कापड दुकानांची बिलं आणि जीएसटी मी महालातल्या घरून एकटी सांभाळते. माझं पोट यावरच आहे. १० तारखेला संध्याकाळी ६४ ओळींचं बिल भरत होते : थान, मीटर, दर, सूट. त्या गिऱ्हाइकाला मागच्या खेपेला काय दर लावला होता ते बघायला जुनी बिलं उघडली आणि परत यायला बॅक दाबलं. थेट पहिलं पान आलं, बिल गेलं. दुसऱ्या दिवशी जीएसटीआर-१ ची, म्हणजे विक्रीचं विवरणपत्र भरायची, शेवटची तारीख. रात्री दीड वाजेपर्यंत बसून पुन्हा सगळं भरलं.

त्याच रात्री उलटं झालं. सेव्ह केलेल्या बिलावरून बॅक दाबलं तर तोच भरलेला फॉर्म समोर आला. सेव्ह झालं नसेल असं वाटून पुन्हा सेव्ह दाबलं. एकाच मालाची ११७ आणि ११८ अशी दोन बिलं तयार झाली. नजरेतून सुटलं असतं तर दुकानदाराच्या डोक्यावर दुप्पट कर दिसला असता. जे टिकायला हवं ते तुमच्याकडे पुसलं जातं आणि जे परत यायला नको ते परत येतं.

आता आजचा फोन. तुमच्याकडचा मुलगा म्हणाला, “मॅडम, बॅक बटण दाबायचंच नसतं.” मी विचारलं, का? “ते वेबसाइटसाठी असतं. आमचं ॲप्लिकेशन आहे.” मी म्हटलं, मोबाइलवर कडेवरून बोट सरकलं तरी मागे जातं, त्याचं काय? “मग बोट सांभाळून लावा.” वरिष्ठांना जोडून द्या म्हटलं. अकरा मिनिटं गाणं ऐकवलं आणि पुन्हा तोच मुलगा : “मॅडम, घरात कॉम्प्युटर येणारं कुणी असेल तर त्यांना फोन द्या ना.” बावीस वर्षं मी हिशेब लिहिते आहे. त्यातली पंधरा कॉम्प्युटरवर. हे वाक्य मला फार लागलं. तुमच्याकडे कॉल रेकॉर्ड होतात, ते काढून स्वतः ऐका.

माझी भाची मिहानमध्ये, इथल्या आयटी कंपन्यांच्या वसाहतीत, वेब सॉफ्टवेअर बनवायचं काम करते. तिने रविवारी बघितलं. तुमचं सगळं सॉफ्टवेअर म्हणजे एकच पान, आत फक्त पडदे बदलतात. त्यांची नोंद ब्राउझरच्या हिस्टरीत, म्हणजे बघितलेल्या पानांच्या यादीत, धड होत नाही : कुठे होतच नाही, कुठे फॉर्मची नको असताना राहते. वरचा पत्ताही बदलत नाही. मग बॅक जाणार कुठे? यासाठीच हिस्टरी एपीआय आहे, म्हणजे ही यादी सॉफ्टवेअरमधून हाताळायची ब्राउझरची सोय. पुशस्टेटने प्रत्येक पडद्याची नोंद करायची, बॅक दाबल्यावर पॉपस्टेटचा इशारा ऐकून तो पडदा पुन्हा उभा करायचा, आणि बिल सेव्ह झालं की रिप्लेसस्टेटने फॉर्मच्या नोंदीच्या जागी तयार बिलाची नोंद ठेवायची. फायरफॉक्समध्ये हे २०११ पासून आहे, इंटरनेट एक्सप्लोररमध्येसुद्धा २०१२ मध्ये आलं. अर्धवट बिल सेशन स्टोरेजमध्ये, म्हणजे ब्राउझरच्या तात्पुरत्या साठवणीत, ठेवलं तर पान रिफ्रेश केलं तरी ते राहतं, टॅब बंद होईपर्यंत. प्रत्येक बिलाला स्वतःचा पत्ता मिळाला तर तो मी दुकानात पाठवू शकेन. फक्त तो पत्ता तुमच्या सर्व्हरलाही ओळखता आला पाहिजे, नाहीतर रिफ्रेश केल्यावर ‘पान सापडले नाही’ येईल. मला हे एका दुपारी समजलं. तुम्ही तर सॉफ्टवेअरच विकता.

पाचपैकी तीन दुकानांना तुमचं नाव मी सुचवलं होतं. त्यांच्यासमोर आता मला मान खाली घालावी लागते आहे.

१५ दिवसांत हे दुरुस्त करा, नाहीतर उरलेल्या सात महिन्यांची वर्गणी परत करा. दोन्ही झालं नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवीन आणि नागपूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. घरातल्या ‘कॉम्प्युटर येणाऱ्या’ माणसाबद्दलच्या त्या वाक्याची माफी मात्र दोन्ही परिस्थितीत हवी, तीही कंपनीच्या सहीने.

सोबत ११७ आणि ११८ क्रमांकांच्या बिलांच्या प्रती आणि पडद्याचं रेकॉर्डिंग जोडलं आहे.

मला फोन करू नका. उत्तर लेखी पाठवा.

तुमची तीन वर्षांची वर्गणीदार,
महाल, नागपूर