वाचनालयातल्या काकूंना, भाऊबीजेच्या दुपारीबद्दल

काकू, सप्रेम नमस्कार.

समोर येऊन आभार मानले की तुम्ही ‘बरं बरं, आधी कार्ड द्या’ म्हणून वाटेला लावता. म्हणून हे चारचौघांत लिहितेय.

यंदा भाऊबीज आमच्याकडे, गिरगावात होती. चाळीतल्या दोन खोल्या, त्यात डोंबिवलीच्या नणंदबाई, पुण्याचे दीर-जाऊ, मुलं, सासूबाई आणि आत्या. जेवणाची धास्ती नव्हती. धास्ती होती ती नंतरची. बासुंदी-पुरी रिचवून अर्धी माणसं आडवी होतात आणि उरलेली मोबाइलमध्ये तोंड घालतात. दिवाळी अंक योजनेचे पैसे भरताना हे सहज बोलले. तुम्ही अंकांची नावं घेतली नाहीत. आधी विचारलंत, ‘येणार कोण कोण?’

शिवाजी मंदिरला दुपारच्या नाटकाची तिकिटं काढू का, यावर तुमचं उत्तर तयार होतं: ‘पोटं तडस लागेपर्यंत भरलेली. नट बिचारे घोरणं ऐकत काम करतील.’

एका वेळी एकच अंक, हा तुमचा नियम. भाऊबीजेपुरता तो तुम्ही वाकवलात. (इतर सभासदांनी हे वाचलं नाही असं समजावं.) एकेक अंक आता तीनचारशेच्या घरात गेलाय, एवढे विकत घेऊन घर भरणं आम्हाला झेपलं नसतं.

सासूबाईंसाठी तुम्ही विनोदी कथांवर खुणेचे कागद घालून दिलेत, कारण त्यांना आता बारीक टाइप दिसत नाही, कुणीतरी वाचून दाखवावं लागतं. ते काम दिरांच्या गळ्यात पडलं. एरवी घरात तोंड न उघडणारा माणूस, पण पात्रांचे आवाज काढून वाचत होता! आत्यांनी ‘माझा नाही हो विश्वास’ म्हणत बाराही राशींचं वार्षिक भविष्य संपवलं. ‘आवाज’ या विनोदी दिवाळी अंकातली चावट खिडकीचित्रं (वरची खिडकी उघडली की आत भलतंच चित्र) मुलांच्या हाती लागू नयेत म्हणून मोठ्यांची जी धडपड चालली, तीच खरी करमणूक.

पण खरी कमाल पुतण्याची. तो इंग्रजी माध्यमातला, मराठी वाचताना अडखळतो. त्याच्यासाठी तुम्ही ‘किशोर’ दिलात आणि वर सांगितलंत, की बालभारतीने 1971पासूनचे जुने अंक इंटरनेटवर फुकट ठेवलेत, बापाच्या लहानपणचे काढून द्या. दिलेही. मग बाप-लेक एकाच मोबाइलवर डोकी घालून बसले. बाप म्हणे, हे कोडं मला तेव्हा सुटलं नव्हतं. मुलाने सोडवून दाखवलं. दिरांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता.

काशिनाथ रघुनाथ मित्रांनी 1909 साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तिथपासून आपल्याकडे फराळासोबत वाचन आलं, असं तुम्हीच मला एकदा सांगितलं होतं. चांगले अंक आजही निघतात. पण कुणाच्या हातात कोणता द्यावा, हे ओळखणारं माणूस काउंटरपलीकडे बसलेलं असणं, हे मात्र सगळ्या वाचनालयांच्या नशिबात नाही.

निघताना दिरांनी विचारलं, तुमच्या काकू पुण्याला अंक पाठवतील का? मी ठामपणे नाही म्हणून सांगितलं. तुम्ही हो म्हणाल, याची भीती वाटली.

तुमची,
गिरगावातली एक सभासद